ताईंसाठी न उघडलेलं दार

मित्रांनो, माझा पंखा घरघरतो म्हणून तोंड वाकडं करू नका. मी पाणीपुरवठा कचेरीतला एक जुना सर्व्हर आहे, म्हणजे कधीच बंद न होणारा संगणक. माझ्या पोटात लिनक्स नावाची प्रणाली चालते. मी नवा होतो तेव्हा साहेबांनी माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढला होता. आता माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवतात. असो.

कोणत्या भागाला कधी पाणी सोडायचं हे मी सांभाळतो आणि मला ताई सांभाळतात. त्यांच्या वडिलांना आधाराशिवाय उठता येत नाही, म्हणून ताई घरूनच लॉगिन करायच्या. त्यांच्या लॉगिनच्या किल्लीची खूण माझ्याकडे एका कप्प्यात, म्हणजे फोल्डरमध्ये असते. ती जुळली की मी दार उघडतो.

मागच्या महिन्यात इथल्या तंत्रज्ञाने, सगळे त्याला दादा म्हणतात, माझ्यात नवी प्रणाली बसवली. ताईंचा कप्पा परत ठेवताना काहीतरी अडलं. वैतागून त्याने तो सगळ्यांसाठी सताड उघडा करून टाकला. कोणीही यावं, काहीही बदलावं! आता सांगा, अशा कप्प्यातल्या खुणेवर मी भरवसा कसा ठेवू? माझा नियमच तसा आहे. ताईंनी दार वाजवलं, मी म्हणालो, "परवानगी नाही." पुन्हा वाजवलं, पुन्हा तेच. माझा जीव तीळतीळ तुटत होता.

ताईंनी फोन केला. "दादा, कप्प्याच्या परवानग्यांना हात लावलास का?"

"छे हो ताई! मी कशाला लावू?" दादा घाबरून म्हणाला.

"मग मलाच यावं लागेल. संध्याकाळचं पाणी सुटलं नाही तर लोक बोंब मारतील. पण बाबांजवळ कोणी नाही रे."

दादाने मान खाली घातली, पण खरं काही सांगितलं नाही.

ताई धापा टाकत आल्या. दादाच्या लॉगिनमधून कप्पा पाहिला आणि कपाळावर हात मारला. एकच ओळ लिहून त्यांनी तो फक्त स्वतःपुरता केला. मी लगेच दार उघडलं.

"अरे, एवढंच फोनवर सांगायचं होतंस ना!" त्या म्हणाल्या. तेवढ्यात शेजारच्या काकूंचा फोन आला. बाबा पाणी प्यायला उठले आणि पडले होते.

मित्रांनो, किल्ल्या उघड्यावर टाकू नका. आणि चूक झाली तर विचारल्याबरोबर सांगून टाका. रागावतील, रागावू देत.

ताईंचं लॉगिन आता पहिल्या हाकेला होतं. पण ती हाक घरून येत नाही, इस्पितळातून येते. दादा रोज फोनवर विचारतो, "बाबा कसे आहेत?"

ताई म्हणतात, "तसेच."