टपालपेटीचे दोन गुण

आयोगाबरोबरचा कॉल संध्याकाळी होता आणि ऋताने अजून अहवालावर सही केली नव्हती.

दुबईच्या देरा भागातल्या एका ऑफिसात ती संख्याशास्त्राचं काम बघायची. अमेरिकेतल्या एका राज्याचा आयोग शिक्षेची नवी नियमावली करत होता. न्यायाधीश दोषी माणसाचे गुण मोजणार. गुण वाढले की तुरुंगातले महिने वाढणार. मसुद्यात एक ओळ होती: पत्ता घराचा नसून टपालपेटीचा, म्हणजे पी.ओ. बॉक्सचा असेल, तर दोन गुण जास्त. या ओळीला आकड्यांचा आधार आहे का, एवढंच ऋताला सांगायचं होतं.

आधार होता. पेटीवाले लोक इतरांपेक्षा जास्त वेळा पुन्हा पकडले जात. तरी तिला खुर्चीत बसवेना. दुबईत कुणाच्या घरी टपाल येतं? तिचीही पत्रं कंपनीच्या पेटीत पडत. म्हणून तिने पकडण्याची कारणं काढून पाहिली. बहुतेकांनी नवा गुन्हा केलाच नव्हता. समन्स पेटीत पडून राहिल्याने कोर्टाची तारीख चुकली होती; ते हातात पडताच माणसं आपणहून हजर झाली होती, पण नोंद पकडल्याचीच झाली होती.

रणजितसरांना, म्हणजे ऑफिसच्या मालकांना, तिने हे दाखवलं. तारीख चुकवणारा तो चुकवणाराच, असं त्यांचं म्हणणं.

"सर, तुमचं बँकेचं कार्ड पंधरा दिवस पेटीत पडून होतं. तुम्ही प्यूनवर ओरडलात. स्वतःला दोन गुण नाही दिलेत."

ते हसले. मग म्हणाले, "ऋता, आयोगवाले हो की नाही एवढंच विचारतील. हो म्हण, खलास." तिचा व्हिसा कंपनीचा आहे, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही.

कॉलवर आयोगाच्या अध्यक्षबाईंनी तेच विचारलं. ऋता हो म्हणाली आणि न थांबता तिने उरलेलं सगळं सांगितलं. बाईंनी नीट ऐकून घेतलं. मुद्दा पुढच्या वर्षी विचारात घेऊ, यंदा मसुदा आहे तसाच जाईल, असं त्या म्हणाल्या.

"मग माझ्या सहीशिवाय जाईल."

रणजितसरांनी घाईने सांगितलं की शेजारी दर्शन बसलाय, तोही संख्याशास्त्रज्ञच, तो तपासून उद्या सही करेल. बाईंना चाललं. कॉल संपला.

दर्शनने ऋताकडे न बघता फाइल उघडली. ती उठली, खुर्ची ओढत त्याच्या टेबलापाशी नेली.

"आधी कारणांचा रकाना वाच," ती म्हणाली. "मी इथेच बसलेय."