शिंगरोबाचा पैसा

वराळ्याचा नथू लढाईत विमानदलात गेला आणि ढग ओळखायचं काम शिकून परतला. लढाई संपल्यावर तो एका विमान कंपनीत लागला. विमानात त्याच्यापुढं एक पेटी असायची, तिला वाटोळी काच. पुढं जिथं मुसळधार पाऊस असेल तिथं काचेवर हिरवा डाग उमटायचा. तो बघून नथूनं वैमानिकाला वाट सांगायची. या पेटीला रडार म्हणतात, हे त्यानं अख्ख्या मावळाला ऐकवून झालं होतं.

पटलं नव्हतं ते फक्त कान्ह्याच्या महिपती आबांना, आणि नेमकी त्यांचीच लेक शालू नथूला हवी होती. शालूलाही नथूच हवा होता. पण आबांचं एकच पालुपद, विजेच्या तोंडात हात घालणाऱ्याला पोरगी द्यायची न्हाई. गाडीचा बैल बिथरला तर खाली उडी तरी मारता येते, असं ते चारचौघांत म्हणायचे.

वळवाच्या दिवसांत कंपनीनं पुणे-मुंबई चाचणीची फेरी ठरवली आणि नोकरांना घरचं एकेक माणूस आणायची मुभा दिली. नथूनं कंपनीच्या कागदावर आबांना परस्पर सासरे करून टाकलं. आबा नको नको म्हणत होते, पण त्यांच्या कारभारणीनं, धोंडाबाईनं, आधी बघून तर या आणि मग नाही म्हणा, असं सुनावलं. तेव्हा कुठं ते नवं पागोटं बांधून निघाले.

विमान उडताना आबांनी डोळे गच्च मिटले. खाली कान्हे आलं, असं नथू म्हणाला तेव्हा एक उघडला, मग दुसरा. आपलं खळं, आपली विहीर वरून बघून माणूस खुलला. शेजाऱ्यानं बांध हातभर सरकवलाय, हेही त्यांनी तिथल्या तिथं ठरवून टाकलं.

लोणावळ्याच्या पुढं घाटावर काळेकुट्ट ढग उभे होते. नथूनं आबांना काच दाखवली. दोन्ही अंगांना दोन मोठे डाग, मधे चांगली रुंद मोकळी जागा.

"आबा, डाग म्हंजी पाऊस. मधी काळं दिसतंय ती आपली वाट."

आबांनी मान डोलावली. नथूला वाटलं, जिंकलं. वैमानिकाला दिशा सांगायला तो वळला, तेवढ्यात मागं खळ्ळ असं काही वाजलं, पेटीत ठिणगी उडाली आणि काच विझली.

"आबा, काय केलंत?"

"पैसा वाहिला," आबा हात जोडून म्हणाले.

घाटात मोटाररस्त्याला शिंगरोबाचं ठाणं आहे. रेल्वेच्या साहेबांना घाटातली वाट दाखवली ती या धनगरानं, असं म्हणतात. म्हणून जाणारा-येणारा त्याला पैसा टाकतो. आबांनी आयुष्यात कधी चुकवला नव्हता. विमानाची खिडकी उघडेना, तेव्हा वाट दाखवणारा हितंच बसलाय की, असं म्हणून त्यांनी भोकाचा पैसा पेटीच्या झरोक्यातून आत सोडला होता.

पुढं काय, वैमानिकानं विचारलं. मघाची वाट नथूच्या डोळ्यांपुढं होती, अंदाजानं सांगता आली असती. मागं फिरलं तर आबा गावभर सांगणार, पोराचं यंत्र एका पैशानं मेलं. मग शालू कुठली? नथूनं विझलेल्या काचेकडं एकदा बघितलं.

"मला आता दिसत नाही. मागे फिरवा," तो म्हणाला.

मागं पुण्याकडं आभाळ स्वच्छ होतं. विमान सुखरूप उतरलं. वैमानिकानं नथूला चार शब्द सुनावले, मिस्त्रीनं पेटी उघडून काळाठिक्कर पडलेला पैसा काढून दिला. नथू खाली मान घालून उभा. आबांनी पैसा कमरेला खोचला आणि विचारलं, फिरवा म्हणून कोण म्हणालं?

"मी."

"मला वाटलं, माझ्यापुढं मिरवायला तसाच घुसवशील. मला भ्या ढगाचं न्हवतं, तुझ्या रगीचं व्हतं." आबांनी पागोटं सारखं केलं. "दिसंना तवा फिरलास. चल घरी, धोंडाबाईला अक्षतांचे तांदूळ निवडाया सांगू."

नथूला तिथंच नाचावंसं वाटलं. नाचला नाही, पण कान्ह्यापर्यंत आगगाडीत एकटाच हसत होता आणि आबा मुद्दाम बाहेर बघत होते.

लग्नानंतर नवराबायको मोटारीनं मुंबईला निघाली. निघताना आबांनी तो काळा पैसा शालूच्या पदराला बांधला.

"घाटात शिंगरोबाला टाक," ते म्हणाले. "त्याचाच हाय. चुकून जावयाकडं गेलता."