चुन्याची रेघ

इंदूबाईंचा इस्तिफा मंजूर होऊन आला, त्याच दुपारी त्यांनी वर्गातल्या कपाटाच्या दाराला आतून खडूनं बारा रेघा ओढल्या. शाळा सुटली की रोज एक पुसायची. बारा पुसल्या की उमरी गाव सुटलं. यजमान रेणुकादास सहा महिन्यांपूर्वी लातूरला नोकरीवर रुजू झाले होते, आणि दात येणाऱ्या गोदूला घेऊन इथं एकटीनं राहायचं म्हणजे रात्रभर पोरीच्या कपाळावर हात न् दिवसभर डोळ्यांत खडे.

चौथीत मुली चार. गोदूची झोळी वर्गातच टांगलेली. रेघा ओढल्यापासून बाईंचं शिकवणं असं झालं होतं: "पोरींनो, तेराचा पाढा पाच वेळा लिहा." मग बाई झोळीपाशी, मुंग्या चढल्या का ते बघत. पोरींचं लिहून झालं की, "आता चौदाचा."

बुधवारी पुसून सात रेघा उरल्या. गुरुवारी सकाळी कपाट उघडलं, तर आठ!

झोप नाही, मोजायला चुकलं असेल. संध्याकाळी एक पुसली. शुक्रवारची आठवड्याची सुट्टी गेली आणि शनिवारी पाहतात तो पुन्हा आठ. जिला साध्या रेघा मोजता येत नाहीत, तिनं सकाळी पोरीला गुटी एकदा दिली की दोनदा?

तासभर त्या कपाटाशी उभ्या. एकेका रेघेवर बोट फिरवलं. सात रेघांचा खडू बोटाला लागला, आठवी जागची हलेना. नखानं खरवडली, वास घेतला. चुना! पानाला लावतात तो.

शाळेत पान खाणारं माणूस एकच. नागाबाई. सकाळी घरोघरी फिरून मुलींना गोळा करून आणायचं, संध्याकाळी घरी पोचवायचं, हे तिचं काम. तिची नात सरस्वतीही चौथीतच.

"नागाबाई, ही रेघ तुमची?"

"हाव." नागाबाईनं पान या गालातून त्या गालात सरकवलं. "गुरवारची खडूची बी माजीच. आज खडू घावला न्हाई."

"अहो, मला वेड लागायची वेळ आली! रेघ वाढवली की मी एक दिवस जास्त राहीन, असं वाटलं तुम्हाला?"

"मी खुळी हाय व्हय? पर एका रेघेपायी तुमी तासभर कपाटापाशी हुब्या राहिलात. फळ्यापाशी कदी राहिलात येवढ्या?" नागाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "बाई, तुमी तर जायच्या आदीच गेलात."

इंदूबाईंचे कान तापले. नागाबाईचं थांबेना. "तुमी जानार गुरवारी. मोहतमीमसायेब शाळा तपासाया येनार शनवारी. पोरींना वाचाया आलं न्हाई, तर चौथी बंद. आन् या सरस्वतीचा बाप धर्माबादचं स्थळ खिशात घालूनच हिंडून राहिला."

सरस्वती खाली मान घालून चौदाचा पाढा लिहीत होती. तिसऱ्यांदा.

"मग काय करू म्हणता?"

"आता रेघा मी पुसनार. पोरीनं एक धडा धडाधडा वाचला, की एक रेघ. न्हाई वाचला, तर तशीच."

"तुम्हाला कुठं वाचता येतं?"

"अडखळल्यालं आयकू येतं की!"

त्या दिवसापासून गोदू नागाबाईच्या मांडीवर आणि इंदूबाई फळ्यापाशी. "आधी हात धुवा! चुन्याचं बोट जाईल तोंडात!" एवढं मात्र धड्याच्या मध्येच, पाठ फळ्याकडे न् डोळे गोदूकडे ठेवून त्या ओरडत. घसा बसला. सोमवारी कपाट उघडायचंच राहून गेलं. घरी जाताना वाटेत आठवलं, आणि त्यांना स्वतःचंच हसू आलं.

गुरुवारी शेवटची रेघ उरली. चुन्याची. दारात लातूरची मोटार उभी, ट्रंका टपावर चढलेल्या, उंबऱ्यात रेणुकादास. सरस्वती वाचत होती. तिसऱ्या ओळीला अडखळली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथंच.

"इंदू, मोटारवाला हाका मारून राहिला."

इंदूबाईंनी ऐकलंच नाही. त्यांची नजर सरस्वतीच्या बोटावर होती. जीभ तिसऱ्या ओळीत रुतलेली, आणि बोट मात्र पानाच्या तळाशी पोचून पान उलटायला निघालेलं. त्यांनी नागाबाईकडे पाहिलं. नागाबाई आढ्याकडे बघत होती.

"नागाबाई, पोर अडखळतेय हो."

"अडखळती तर. लई अडखळती."

पोरगी वाचते, हे बाईंना कळलं. पण परक्या साहेबापुढं एकटी उभी राहिल्यावर वाचेल? गोदू असती तिच्या जागी, तर आपण मोटारीत बसलो असतो?

"अहो," त्या वळल्या, "ट्रंका उतरवा. शनिवारी निघू. एक रेघ राहिलीय."

"रेघ? कसली रेघ?"

चारही पोरी पाटीमागं तोंड लपवून खुदखुदत होत्या.

शनिवारी साहेबांपुढं सरस्वतीनं तोच धडा असा वाचला, की साहेबांनाच "बस, बस" म्हणावं लागलं. चौथी राहिली. धर्माबादचं स्थळ बापाच्या खिशातच राहिलं.

जाताना इंदूबाईंनी ओलं फडकं घेऊन कपाट उघडलं. रेघ काही निघेना.

"ऱ्हाऊ द्या, बाई," गोदूला त्यांच्या कडेवर देत नागाबाई म्हणाली, "नव्या बाईच्या कामाला यील."