पाखरे सरांचं मत

बिभीषण मुकादमाची चापट गेवराईत वाजली की मांजरसुंब्याच्या धाब्यावर चहा पिणारा कप खाली ठेवून विचारायचा, "कोण गेला बे?" आता यात थोडं तिखटमीठ असेल, नाही असं नाही. पण उसाच्या फडावर माजलेला बैल त्यानं शिंगं धरून खाली बसवला होता आणि बैलानं उठायच्या आधी त्याच्याकडं परवानगी मागितल्यासारखं पाहिलं होतं, हे बघणारी चोवीस माणसं अजून जिवंत आहेत. ती त्याचीच टोळी. बारा कोयते, म्हणजे ऊस तोडणारी बारा जोडपी. मुकादम नुसता खोकला तरी त्यांचे हात दुप्पट चालायचे.

असा हा माणूस गेलं वर्षभर अनवाणी हिंडत होता, आणि तेही एका फोटूपायी.

त्याची सासरवाडी केजकडची, वाघदरा. तिथं धुळवडीला एका जावयाला धरतात, गळ्यात फाटक्या चपलांची माळ घालतात, गाढवावर बसवून गावभर मिरवतात आणि शेवटी मारुतीच्या पारावर सासरा त्याला नवा आहेर करतो. जावयाचा हा मोठाच मान. आता मान म्हटल्यावर गावचे समदे जावई होळीआधी आठ दिवस तालुका सोडून का पळतात, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

गेल्या साली पाळी बिभीषणाची होती. त्यानं धरायला आलेल्या तिघांना ओढ्यात फेकलं, मग हसत हसत आपणच गाढवावर जाऊन बसला. सगळं रीतीनं चाललं होतं. पण वेशीजवळ फटाका फुटला, गाढव उसळलं, गळ्यातली माळ वर उडाली, आणि एका चपलेची टाच थेट बिभीषणाच्या उघड्या तोंडात गेली. नेमकं त्याच क्षणी त्याच्या साडूनं बटण दाबलं.

साडू म्हणजे प्रविण. बिभीषणाची बायको मनिषा, तिची धाकटी बहीण दिपाली, तिचा हा नवरा. आष्टीत लग्नाचे फोटो काढायचं त्याचं दुकान. माणूस काडीसारखा, पण बोट भारी चपळ. इंटरनेटवर 'चौकट' नावाचा एक ग्रुप आहे. ऐंशी हजार माणसं तिथं दिवसरात्र एकमेकांचे फोटो बघतात आणि एकमेकांना नावं ठेवतात. प्रविणनं तो फोटो तिथं टाकला आणि खाली एकच शब्द लिहिला: 'न्याहारी'.

तो महिन्याचा उत्कृष्ट फोटो ठरला. तिसऱ्या दिवशी त्याचं स्टिकर झालं. चौथ्या दिवशी जेवलास का म्हणून विचारायचं झालं तर लातूरपासून नगरपर्यंत लोक बिभीषणाचं तोंड पाठवू लागले. फडावर मुकादम खोकला की टोळीतली बायामाणसं ऊस सोडून पदरात, गमज्यात तोंड खुपसायची. एकानं तर हात जोडून विचारलं, "मुकादम, आज डाव्या पायाची का उजव्या?" बिभीषणानं त्याला उसाच्या मोळीसकट ट्रॉलीत फेकला. त्याचा खुबा निखळला, पण पडल्या जागी कण्हता कण्हता तो हसतच होता. बिभीषणाला तो खुबा नाही, ते हसू जिव्हारी लागलं.

घरी येऊन त्यानं चपला काढल्या आणि माळ्यावर फेकल्या. "मने, जोवर लोकांच्या ध्यानातून ह्यो फोटू जात न्हाई, तोवर पायात घालणार न्हाई. आन् ज्या बोटानं दाबलंय, ते बोट मोडणार."

"आधी पायातला काटा तर काढा," मनिषा म्हणाली.

प्रविणला निरोप पोचला तसं त्यानं दुकानाला कुलूप घातलं. आज पाटोदा, उद्या धारूर, असं करत तो जिल्हाभर लग्नांचे फोटो काढत फिरू लागला. फोन बदलला. त्याचा माग एकाच जागी लागत होता, त्या 'चौकट'वर. कारण काही केलं तरी गड्याला फोटो टाकल्याशिवाय भाकर पचत नव्हती.

मग बिभीषण तिथं शिरला, खोट्या नावानं. शांताराम पाखरे, आणि तोंडाच्या जागी बुलबुलाचं चित्र. प्रविणनं फोटो टाकला की झाड ओळखायचं, देऊळ ओळखायचं, गाडीला किक मारायची आणि पोचायचं. पोचेपर्यंत प्रविण गेलेला असायचा. एकदा गोदाकाठी कॅमेऱ्यामागं वाकलेली पाठ दिसली. बिभीषणानं नाव विचारायच्या आधीच लाथ घातली. तो निघाला बगळ्यांचे फोटो काढणारा एक मास्तर. दोन बरगड्या गेल्या. बिभीषणानं त्याला पाठीवर टाकून कोसभर पळत दवाखान्यात नेलं, आणि मास्तर म्हणजे शेवटी मास्तरच, पाठीवर लोंबकळत, कण्हत त्यानं शिकवलं: उजेड कोवळा असतो म्हणून सकाळी यायचं, पाखराचा डोळा आधी बघायचा, आणि क्षितिज कधी वाकडं धरायचं नाही.

तिथून बिघडलं. नाव खोटं वाटू नये म्हणून बिभीषण आधी सगळ्यांच्या फोटोखाली 'छान' लिहायचा. मग 'छान' लिहिताना हात अडू लागला. "फोटो मेलेला आहे," तो एकाला म्हणाला. "फांदी काप, पक्षी जगेल," दुसऱ्याला. बोलणं थोडकं आणि लागणारं. बघता बघता लोक फोटो टाकून विचारू लागले, 'पाखरे सर, तुमचं मत?' दिवसा फडावर ज्याला बघून हसायचे, त्याच्या एका शब्दासाठी संध्याकाळी पुण्यामुंबईचे फोटोवाले ताटकळायचे. मनिषा भाकरी थापता थापता ओरडायची, "ओ पाखरे सर, जेवायला येता का चप्पल वाढू?"

होळीच्या सकाळी प्रविणचा फोटो आला. उघडा डोंगर, फुललेला पळस, आणि मागं पवनचक्की, तीन पात्यांतलं एक अर्धं तुटलेलं. जागा लिहिली नव्हती. पण वीज पडून तुटलेलं ते पातं मांजरसुंब्याच्या डोंगरावर आहे हे हायवेनं जाणारं शेंबडं पोरगंही सांगेल.

बिभीषणानं मिशीवर हात फिरवला आणि लिहिलं, 'उजेड चांगला धरला आहे. पण उद्या पहाटे तिथंच कॅमेरा लावा. सूर्य तुटक्या पात्याच्या बरोबर मागं उगवेल.'

लगेच उत्तर आलं, 'तुम्ही म्हणता म्हणजे लावतोच, सर! ट्रायपॉडवर ठेवतो, दर दहा सेकंदाला आपोआप एक फोटो.'

यंदा पाळी प्रविणची होती, आणि वाघदऱ्याची रीत अशी की गेल्या सालच्या जावयानं यंदाचा जावई धरून आणायचा. म्हणून धुळवडीला झुंजूमुंजू व्हायच्या वेळी मेव्हणा, मनिषा-दिपालीचा भाऊ हनुमान टेम्पो घेऊन निघाला. शेजारी बिभीषण, मागं दाव्यानं बांधलेलं तेच गाढव.

"दाजी," हनुमान चाचरत म्हणाला, "नुसतं धरायचं ना?"

"धरायचं. बोट मोडायचं. मग बसवायचं."

"बोट कावून? रीतीत तसं न्हाई."

"चप्पल खायची तरी कुठं रीतीत होती?"

प्रविण पवनचक्कीच्या बुडाशी उभा होता. समोर दहा पावलांवर कॅमेरा तिकाटण्यावर खटक्, खटक् करत होता. पूर्वेला लाल फुटत होतं. दगडांवर अनवाणी पावलांचा आवाज आला म्हणून त्यानं वळून पाहिलं आणि हातातलं थर्मासचं चहानं भरलेलं झाकण खाली पडलं.

"साडूभाऊ... तुमाला कुणी सांगितलं मी इथं हाय?"

"पाखरे सरांनी," बिभीषण म्हणाला. "मत द्यायला आलोय."

प्रविणच्या तोंडावर आधी नवल आलं, मग भीती. पळायला वाट नव्हती, मागं दरी. त्यानं खांद्यावरची पिशवी पट्ट्याला धरून गरागरा फिरवली. आत दीड किलोची मोठी लेन्स. ती बिभीषणाच्या कानशिलावर अशी बसली की काच फुटल्याचा आवाज दरीत जाऊन दोनदा परत आला. कान फाटला. रक्त मानेवरून सदऱ्यात उतरलं. बिभीषणानं मान झटकली, जशी घोड्यानं माशी झटकावी, आणि एका ठोशात प्रविणच्या नाकाचं हाड आडवं केलं.

प्रविण पडला तो दगडांवर. पण काडी पेटली होती. त्यानं बिभीषणाच्या दंडाचा चावा घेतला, मांस निघेस्तवर. बिभीषणानं त्याला केसाला धरून सोडवला, उचलला आणि खडकावर आपटला. धूळ उडाली. पुन्हा उचलला, पुन्हा आपटला. दोघांच्या रक्तानं माती अशी भिजली की धुळवड खेळायला वेगळा रंग लागला नसता. तिकडं कॅमेऱ्याचं खटक्, खटक् चालूच.

"दाजी, मरंल त्यो! आमची दिपा रंडकी हुईल!" हनुमान टेम्पोपाशी नाचत होता, पुढं यायची छाती होत नव्हती.

बिभीषण प्रविणच्या छातीवर बसला. त्याचा उजवा पंजा उलगडला, पहिलं बोट मुठीत धरलं. "हेच ना?"

"साडूभाऊ, पाया पडतो. हेच्यावर माझी भाकर हाय."

"माझीबी भाकर नावावरच व्हती."

वाळल्या उसाचं कांडं मोडावं तसं बोट मोडलं. प्रविणची किंकाळी अशी उठली की पवनचक्कीचं पातं थबकलं, असं हनुमान शपथेवर सांगतो. पातं थबकलं का नाही देव जाणे, गाढव मात्र बिथरलं. दावं तोडून ते टेम्पोतून खाली उडालं आणि थेट या तिघांवर आलं. तिघांवर म्हणजे, तोवर हनुमानानंही धीर करून मागून बिभीषणाची गचांडी धरली होती. बिभीषणानं न बघताच कोपर मागं मारलं. हनुमानाचा पुढचा दात उडाला. आणि गाढवानं गिरकी घेऊन मागचे दोन्ही पाय झाडले.

बिभीषणाला पुढचं आठवत नाही.

टेम्पो हनुमानानंच हाकला, एका हातानं तोंड दाबून. मागं दोघं आडवे, कडेला तिकाटण्यासकट कॅमेरा आणि त्यांच्या डोक्याशी गाढव उभं, दोघांकडं आळीपाळीनं बघत. बीडच्या दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "काय झालं?" हनुमान म्हणाला, "धुळवड." डॉक्टरनं पुढं काही विचारलं नाही, त्याचीही सासरवाडी तिकडचीच असावी.

दुपारी बिभीषणाचे डोळे उघडले. जबडा तारेनं बांधलेला. शेजारच्या खाटेवर प्रविण, नाकावर पट्टी, उजवा हात प्लास्टरमध्ये. बिभीषणानं त्या हाताकडं बघितलं आणि जीव थंड व्हायची वाट बघत पडला. तेवढ्यात वार्डबॉय सलाइन बदलायला आला. बिभीषणाच्या तोंडाकडं बघून थबकला आणि फिसकन हसला. "तुमी ते... चप्पलवाले न्हव का?"

बोट मोडलं, तरी फोटू शाबूतच होता.

"क्यामेरा आण," तो दातांच्या फटीतून हनुमानाला म्हणाला. "फोडतो."

"फोडा," प्रविण पडल्या पडल्या म्हणाला. "पर आधी बघून घ्या. सगळं आलं आसंल त्यात."

बिभीषण बघू लागला. दर दहा सेकंदाला एक. फिरलेली पिशवी. फाटका कान. चावा. प्रविण हवेत, प्रविण खाली. निरोप मिळताच धावत आलेली मनिषा खाटेशी उभी राहून बघत होती, तिचा एक हात आपोआप तोंडावर गेला. एका फोटोत बिभीषण साडूच्या छातीवर पाय देऊन उभा, पाठीमागं सूर्य, अंगाला सोन्याची कड.

"ह्यो टाका, साडूभाऊ," प्रविण म्हणाला. आवाजात भीती होती आणि खरेपणाही. "नावासकट टाका. वाघ दिसता. चप्पल इसरत्याल लोक."

बिभीषणानं तो फोटो बराच वेळ बघितला. "मेलेला हाय," तो म्हणाला आणि पुढं सरकला.

पुढच्यावर थांबला.

सूर्य तुटक्या पात्याच्या बरोबर मागं. गाढवाचे दोन्ही पाय हवेत, एक खूर बिभीषणाच्या गालात रुतलेला, गाल दह्याच्या मडक्यासारखा हिंदकळलेला, डोळे दोन दिशांना. हनुमानाचा दात उजेडात तरंगताना. खाली प्रविणचं तोंड उघडं, आणि त्याचं मोडकं बोट अजून बिभीषणाच्या मुठीत. असं ध्यान त्याचं कुणी कधी बघितलं नव्हतं. त्यापुढं चप्पल खाणारा बिभीषण म्हणजे नवरदेव.

"ह्यो नगं, दाजी," हनुमान कळवळून म्हणाला. "जलमभर हसत्याल."

बिभीषणानं उशाखालचा फोन काढला. मग तो प्रविणला म्हणाला, "कसा धाडायचा फोनवर?"

"माझं बोट..."

"मी दाबतो. तू सांग."

प्रविणनं सांगितलं. बिभीषणानं पाखरे सरांच्या खात्यावर जाऊन बुलबुल पुसला आणि स्वतःचं नाव टाकलं. फोटोखाली लिहिलं: 'फोटो प्रविणचा. लाथ खाणारा मी, बिभीषण मुकादम. पाखरे मीच.' आणि दाबलं.

पाच मिनिटं काहीच नाही. मग एकाचं आलं, 'बाप रे.' मग त्या बरगड्यावाल्या मास्तराचं, 'लाथ ओळखीची वाटली!' मग ढिगानं. कुणीतरी सवयीनं विचारलं, 'पाखरे सर, तुमचं मत?'

बिभीषणानं टाइप केलं, 'क्षितिज वाकडं आहे.' जरा थांबून पुन्हा लिहिलं, 'पण जित्ता फोटो आहे.'

ते वाचून प्रविण रडला. नाकाला लागलं म्हणून, असं त्याचं म्हणणं.

दिवस मावळायच्या आत वार्डबॉय पुन्हा आला, मागं दोन नर्सा आणि एक पेशंट सलाइनच्या दांडीसकट. "गाढवाची लाथवाले हेच का वं?"

"हेच," हनुमान दाताच्या खिंडारातून म्हणाला. "आन् दात माझा."

"आधी ते चप्पलवाले कोण व्हते, ते येगळे का?" नर्सनं विचारलं.

"कोण चप्पलवाले?" वार्डबॉय म्हणाला.

मनिषानं हे ऐकलं. दुसऱ्या दिवशी घरून येताना तिनं माळ्यावरच्या चपला पुसून आणल्या आणि खाटेखाली ठेवल्या. बिभीषणानं पाय खाली सोडले, अंगठा घातला, रेटला. वर्षभर दगडाकाट्यांतून हिंडून पाऊल पसरलं होतं. टाच बाहेरच राहिली.

"ह्या ऱ्हाऊ दे," तो दातांतून म्हणाला. "प्रविणला होतात का बघ. यंदाची पाळी हुकली, पुढल्या साली त्यालाच गाढवावर बसायचंय, माळंला उपेगी पडत्याल."

"आन् फोटू कोण काढणार?" प्रविणनं प्लास्टरचा हात वर करून विचारलं.

बिभीषणानं स्वतःच्या उजव्या हाताचं पहिलं बोट उघडलं, मिटलं, आणि त्याच्याकडं नुसतं बघितलं.