डावखुरी खाडी

नवऱ्याचं, केसरीनाथचं वागणं पार्वतीला महिनाभर खटकत होतं. पासष्टीचा माणूस, पण चहा निवला तरी वहीतून तोंड वर निघेना. आणि आता तर त्याची कविता समाजाच्या स्मरणिकेत छापूनही आली.

"म्हाताऱ्याला येड लागलंय," सुपातले तांदूळ निवडत ती नातीला म्हणाली. "वाच गो मृणाली. कळू दे काय दिवे लावलेत."

केसरीनाथ ओटीवर दाढी करत होता. त्याचा वस्तरा थबकला.

मृणालीने वाचलं:

'ओल्या केसांची खाडी माझ्या बांधावर बसायची,
डाव्या हाताने कालवं फोडून मला द्यायची.
एका ओहोटीला उठून गेली,
ती परत आलीच नाही.'

"ही चेतनगुणोक्ती, आजी. खाडीला बाई केलंय. गोदामांसाठी भराव टाकून खाडी बुजवली ना, त्याचं दुःख."

"मला नको शिकवू."

पार्वती वळ गावची धवलारीण. लग्नाच्या मांडवात धवले गाऊन सूर्याला, वाऱ्याला सोयऱ्यांसारखं आवतण देण्यात तिची हयात गेली होती. खाडीला मावशी म्हणायला तिला शाळा लागली नव्हती.

"खाडी दिसातून दोनदा येते. भराव टाका, गटारातनं येते. परत न आली ती खाडी न्हाय गो, बाई हाय. कुठला हात म्हणालीस?"

"डावा."

सूप तिच्या मांडीवरून घसरलं. तांदूळ लादीभर पसरले.

डावखुरी एकच होती. यमी, तिची थोरली बहीण. आईने कितीदा त्या हातावर फटके दिले होते. यमीला अंबाडी गावात दुसऱ्याच घरी दिली, ती पहिल्याच बाळंतपणात गेली. पुढच्या वैशाखात पार्वती लग्न होऊन या घरात आली. आणि चाळीस वर्षांत केसरीनाथने शिंपल्यातल्या कालवांना हात लावला नव्हता. पोटाला सोसत नाहीत, म्हणायचा.

पार्वती ओटीवर आली. तो अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून उभा होता. मान खाली.

"यमी माजी बहीण होती," ती म्हणाली. आवाज मांडवातला, खणखणीत. "चाळीस वर्सं मला वाटलं, या घरात तिच्यासाठी मी एकटीच रडते. नि तुमी पोटाचं निमित्त सांगत बसलात! आता खाडीच्या मागं लपायचं न्हाय. तोंड धुवा, बाजारात जावा, कालवं आणा. मी फोडीन, माज्या उजव्या हातानं. नि तुमी तिचं नाव घेऊन खायची."