खिशातली सवत

मी एक जुनी बाज आहे. मित्रांनो, धामणगाव बढ्यातल्या एका घराच्या ओसरीत माझा मुक्काम. पाय बाभळीचे, वीण अंबाडीच्या दोराची. पुंजाजींनी आपल्या लेकासाठी, शेषरावांसाठी मला विणलं, तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन चारच वर्षं झाली होती.

शेषराव मलकापूरहून कापसाच्या गाठी भरून ट्रक मुंबईला नेत. परत आले की भर दुपारी माझ्यावर अंग टाकत. "कोकिळा, या बाजीवर पडलं का जीवाले गार वाटते," असं बायकोला म्हणत. मला केवढा अभिमान वाटे!

मग हंगामात फेऱ्या वाढल्या आणि वाटेत कुणीतरी त्यांना पांढऱ्या गोळ्यांची एक बाटली दिली. गोळी घेतली की झोप पळायची.

"दोन दिवस डोया लागला नाही," ते हसून म्हणाले. "गोळी नाही, सोनं हाय हे!"

माझा नुसता जळफळाट झाला. ती टीचभर बाटली त्यांच्या खिशात छातीशी, आणि मी भिंतीला उभी! तिचं झाकण निघावं, गोळ्या चिखलात पडाव्यात, असं मी रोज मनात म्हणे.

हळूहळू शेषराव बदलले. दात खात, डोकं धरून बसत. फेरी नसताना घरीही गोळी घेत. बोलता बोलता शब्द विसरत. कोकिळाबाई विहिरीवर कुणाशी बोलल्या तरी संशय घेत. मला वाटे, बरं झालं, आता तरी बाटलीचा खोटेपणा कळेल.

एका दुपारी मला ओसरीत आडवी टाकली होती; त्यांची सहा वर्षांची लेक सत्यभामा खेळताना माझ्याखाली लपली. शेषराव विळा घेऊन धावत आले.

"बाजीखाली कोनतरी हाय! माह्यावर नजर ठेवून राह्यलं!"

माझे दोर सपासप तुटू लागले. पोर किंचाळली. कोकिळाबाईंनी त्यांचा हात दोन्ही हातांनी धरला.

"आवो, काय करून राह्यले? आपली सत्ती हाय ते!"

विळा गळून पडला. शेषराव मटकन खाली बसले आणि रडू लागले.

पुंजाजींनी त्यांना बैलगाडीतून दवाखान्यात नेलं. तिथल्या लोखंडी खाटेवर ते तीन दिवस झोपले म्हणे. त्या खाटेचाही मला हेवा वाटला.

परतल्यावर पुंजाजी कोकिळाबाईंना सांगत होते, "डाक्टर म्हने, गोळी थकवा घालवत नाही, लपवते. पाय मुरगळला का सुजते ना? तसाच मेंदूही आतून सुजत असंन, म्हने. ते सूज दिसत नाही. उतराले लई दिवस लागतात."

ऐकून मला माझीच लाज वाटली. माझा माणूस आतून सुजत होता आणि मी मानपान मोजत होते.

शेषरावांनी बाटली चुलीत टाकली, ट्रक सोडला. अजूनही एखादा शब्द त्यांना आठवत नाही. माझे तुटलेले दोर पुन्हा विणलेत, त्यांवर झोपले की ते दचकतात. मग कोकिळाबाई कपाळावर हात ठेवतात आणि ते शांत होतात. मला हात नाहीत. खरं सांगते, त्या हाताचा मला आजही हेवा वाटतो.

मित्रांनो, डोळे जड झाले की त्यांना मिटू द्या. आणि घरातलं कुणी झोपेनासं झालं, तर माझ्यासारखं रुसून बसू नका, जवळ जाऊन विचारा, "काऊन झोप येत नाही?"