सैल केलेलं जोडवं

मित्रांनो, सरका जरा जवळ, कीर्तनात पुढच्या सतरंजीवर बसता तसे. एका माउलीची हकिगत सांगायची आहे.

मी एक जुनं चांदीचं जोडवं आहे. राहात्याच्या सोनाराने आमची जोडी घडवली आणि लग्नात आम्ही पुणतांब्याच्या राजेश्वरीच्या पायांत आलो. ती गोदावरीत पाय सोडून बसली की मासे मला टोचायचे आणि ती खुदकन हसायची.

तिला दिवस गेले. सातवा महिना सरला आणि माझी कड तिच्या बोटात रुतू लागली. सवाष्णीचं जोडवं काढत नाहीत. म्हणून सासूने, कडूबाईने, खोबरेल चोळून माझी टोकं फाकवली.

"पाय सुजायचेच गं राजे. माझे तर भोपळे झाल्ते!"

"आत्या, डोकं बी लई ठणकतंय."

"उन्हाचं आसंल."

पुढच्या आठवड्यात मला आणखी फाकवलं. सूज वाढतच होती.

गावात सप्ताह होता. कीर्तन रंगात आलं, मृदंग टिपेला पोचला आणि राजेश्वरी सासूच्या कानाशी लागली. "आत्या, डोळ्यांपुढं उजेड नाचतोय. चांदण्याच चांदण्या."

कडूबाईचे हात जोडले गेले. "भाग्याची गं माझी बाई! मी जलमभर कीर्तनाला बसले, मला न्हाई कधी दिसला. देवानं दर्शन दिलं तुला." तिने सुनेच्या कपाळाला बुक्का लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजेश्वरीला आकडीचा झटका आला. दवाखान्यात नर्सने मला कापून काढलं. पोटातली मुलगी वाचली. राजेश्वरी गेली, आणि दुसऱ्या पायातला माझा जोडीदार तिच्याबरोबर गेला.

डॉक्टरीणबाई कडूबाईजवळ बसल्या. "आजी, बाळाला पोसणारी वार आईच्या रक्तात एक द्रव्य सोडते. त्यानं रक्तवाहिन्या वाढतात, मोकळ्या राहतात. हिच्या वारेची मुळं खोल रुजली नाहीत. तिनं दुसरंच द्रव्य जास्त सोडलं, आणि त्यानं पहिल्याला अडवून धरलं. मग वाहिन्या आवळल्या, बीपी चढलं. यात कुणाचं पाप नाही. पण बीपी मोजलं असतं, तर आधी कळलं असतं."

"मंग बाई, त्यो उजेड?"

डॉक्टरीणबाईंनी मान खाली घातली. "बीपीचाच होता, आजी."

कडूबाईने मला नर्सकडून मागून घेतलं. तिने मला पदराच्या गाठीत बांधलं. आज नात सुकन्या तीच गाठ तोंडात घालून चोखत बसते.

आताही सप्ताह असला की कीर्तनाआधी कडूबाई गरोदर बायकांच्या पायांशी बसते. नडगी दाबून सूज बघते, डोकं दुखतं का विचारते, बीपी मोजायला धाडते. मागच्या खेपेला एकजण हसली, "म्हातारे, सुनांच्या पाया पडतीस व्हय गं?"

"पडते बाई. एकीच्या पायांना रोज हात लावला, पर पाय काय बघितले न्हाई."

मित्रांनो, घरात कुणाला दिवस गेले तर आधी तिचं बीपी मोजून आणा. मग खुशाल कीर्तनाला बसा. आणि देवापुढे हात जोडाल तेव्हा माझ्या राजेश्वरीची आठवण काढा.